अंगठ्यावर पैसे: गावात बँकिंग पॉइंट सुरू करण्याआधी हे वाचा

गावात किंवा तालुक्याच्या पेठेत 'इथे आधारवर पैसे काढून मिळतील' अशी पाटी लावून बसायचा विचार असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजारगावात आमचं झेरॉक्स-रिचार्जचं दुकान आहे आणि त्याच काउंटरवर मी हे काम करते. आधी मावसबहिणीने विचारलं, मग तिच्या मैत्रिणींनी, मग त्यांच्या भावांनी. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढलेलं बरं.

यूट्यूबवर 'घरबसल्या महिना पन्नास हजार' म्हणणारे व्हिडिओ बघून आला असाल, तर तो आकडा आधी डोक्यातून काढा. हा धंदा कमिशनचा दिसतो, पण खरा आहे रोकड फिरवण्याचा. नोटा कुठून येणार आणि कुठे जाणार हे ज्याला जमलं तो टिकतो. बाकीच्यांची यंत्रं वर्षभरात ओएलएक्सवर दिसतात.

१. आधी काम समजून घ्या

आधार आधारित पेमेंटची ही व्यवस्था एनपीसीआय चालवते, म्हणजे यूपीआय चालवते तीच संस्था. ग्राहक आधार नंबर सांगतो, बँकेचं नाव सांगतो आणि अंगठा लावतो. त्याच्या खात्यातून पैसे वजा होऊन तुमच्या खात्यात किंवा पोर्टलच्या (म्हणजे ज्या कंपनीच्या ॲपवर काम करता तिच्या) वॉलेटमध्ये येतात आणि तुम्ही तेवढी रोकड त्याच्या हातात देता. एका व्यवहारात जास्तीत जास्त १०,००० रुपये निघतात. दिवसाची मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी. बॅलन्स बघणं, मिनी स्टेटमेंट आणि काही बँकांसाठी पैसे भरणंही याच यंत्रावर होतं.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण रोज दहा वेळा ती समजावून सांगावी लागते. एका माणसाचा आधार दोन-तीन बँकांतल्या खात्यांना जोडलेला असू शकतो. पैसे काढताना त्यातली कुठली बँक ते तुम्ही निवडता. सरकारी अनुदान मात्र एकाच बँकेत येतं: अनुदानासाठी आधारला शेवटी जी बँक जोडली तिथे. आजी सांगतात, "माझं खातं जिल्हा बँकेत हाय." जिल्हा बँकेत बघितलं तर शिल्लक ११८ रुपये. मधल्या काळात पोस्टमन काकांनी दारात येऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं आणि श्रावणबाळचे पैसे तिकडे साठलेले असतात. आजींना ते आठवतही नसतं. "पैसे आले नाहीत" म्हणून परत पाठवण्याआधी "आणखी कुठे खातं काढलंय का? पोस्टात? मोबाईलवाल्याकडे?" एवढं विचारायची सवय लावून घ्या. गावात तुमचं नाव याच प्रश्नाने होतं.

२. आयडी कोणाचा घ्यायचा

आयडी म्हणजे हे व्यवहार करण्यासाठी तुमच्या नावाने मिळणारं लॉगिन. तो घ्यायचे रस्ते तीन आहेत.

एक, बँक मित्र. रिझर्व्ह बँकेने २००६ साली बँकांना असे प्रतिनिधी नेमायची मुभा दिली. बँक सहसा थेट तुम्हाला नेमत नाही. मध्ये एक मोठी कंपनी असते, तिचा बँकेशी करार असतो आणि तुम्ही तिचे एजंट होता. तुम्हाला जवळची एक शाखा जोडून दिली जाते. खाती उघडणं, जनसुरक्षा विमा, अटल पेन्शन असं सगळं करता येतं. वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा ही नावं लवकरच पाठ होतील. कामं जास्त, टार्गेटं जास्त, पण गावात वजनही जास्त.

दोन, फिनटेक कंपनीचा (ॲपवरून पैशाचे व्यवहार करून देणारी कंपनी) किंवा पेमेंट्स बँकेचा रिटेलर. पे-निअरबाय, स्पाइस मनी, फिनो ही नावं ऐकली असतील. आयडी लवकर मिळतो, कागदपत्रं कमी लागतात. आधीपासून दुकान असलेल्याला हा रस्ता सोपा पडतो.

तीन, बचत गटातल्या महिलांसाठी बीसी सखी. बीसी म्हणजे बँकेचा प्रतिनिधी. 'उमेद' अभियानातून, म्हणजे ग्रामसंघ आणि प्रभागसंघामार्फत, निवड होते. गटात असाल तर आधी तालुक्याच्या उमेद कार्यालयात विचारा. प्रशिक्षण मिळतं, आणि पाठीशी गट असल्यामुळे सुरुवातीला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही.

सीएससी किंवा आपले सरकार केंद्र आधीच असेल तर त्यांच्या डिजिपेवरही हे काम होतं, वेगळ्या आयडीची घाई नको.

आता सापळा. 'बँकेचं ग्राहक सेवा केंद्र मिळवून देतो, नोंदणी फी भरा' असे फोन येतात. वेबसाइटवर बँकेचा लोगो असतो, व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेलं मंजुरीपत्र येतं. मग लॅपटॉपची अनामत, मग लायसन्स फी, मग फोन बंद. उपाय साधा आहे. पैसे भरण्याआधी जवळच्या शाखेत जा, मॅनेजरला विचारा की या भागात तुमच्या बँकेचं काम कोणती कंपनी बघते आणि आपल्या गावची जागा रिकामी आहे का. कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. फिनटेकमध्ये कंपनीचे आयडी देणारा डिस्ट्रिब्युटर मधे असतो. त्याचं दुकान कुठे आहे ते जाऊन बघा, फोनवरच्या गोड आवाजावर जाऊ नका.

३. कागदपत्रं

- आधार, मोबाईल नंबर जोडलेलं
- पॅन, आधारशी लिंक केलेलं
- दहावी किंवा बारावीची गुणपत्रिका
- बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक
- दुकानाचा पुरावा: लाइट बिल, भाडेकरार किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठ
- दुकानाचे आतून-बाहेरून फोटो, लोकेशनसह
- पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, बँक मित्रासाठी बहुतेक ठिकाणी लागतोच
- आयआयबीएफ या बँकिंग संस्थेच्या बीसी परीक्षेचं प्रमाणपत्र, बँक मित्रासाठी. परीक्षा मराठीतूनही देता येते, फार अवघड नाही
- उद्यम नोंदणी. ती मोफत आहे. गावातला कुणी पाचशे मागत असेल तर स्वतः बसून भरा
- गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी. कामगार मोजकेच असतील तर महाराष्ट्रात फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती ठेवा

यात अर्ज अडकतो तो एकाच कारणाने: नाव. पॅनवर वडिलांचं नाव मधे आहे, आधारवर नाही. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, पासबुकावर दोन्हीची खिचडी. अर्ज करण्याआधी आधार, पॅन आणि पासबुक ही तीन तरी अक्षरशः एकसारखी करून घ्या. नावबदलाचं राजपत्र लागलं तर ते काढा. त्यात महिना गेला तरी चालेल, नंतर कमिशन अडकण्यापेक्षा बरं.

१ जानेवारी २०२६ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश लागू आहेत. तुम्हाला जोडून घेणाऱ्या बँकेने तुमची पूर्ण पडताळणी करणं बंधनकारक आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या नावाचा आयडी चालवायचा विचारही करू नका. भावाच्या नावाने आयडी आणि काउंटरवर आपण, हे पूर्वी खपून जायचं. आता दिवसाची सुरुवातच एजंटच्या स्वतःच्या अंगठ्याने होते.

४. यंत्र आणि जागा

अंगठ्याचं यंत्र 'एल-वन' प्रकारचंच, म्हणजे नव्या सुरक्षा दर्जाचंच घ्या. जुनी एल-झिरो यंत्रं बाद झाली आहेत आणि सेकंडहँडमध्ये तीच स्वस्तात गळ्यात मारली जातात. मंत्रा, मॉर्फो वगैरे कंपन्यांची यंत्रं साधारण अडीच ते साडेतीन हजारांत येतात. सोबत आरडी सर्व्हिस (यंत्र आधार पडताळणीला जोडणारं सॉफ्टवेअर) असते, तिची मुदत संपली की पैसे भरून वाढवावी लागते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण ती नेमकी बाजाराच्या दिवशी संपते.

बाकी: बरा अँड्रॉइड फोन किंवा संगणक, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, छोटा थर्मल प्रिंटर, काउंटरवर रोखलेला एक कॅमेरा, कुलपाचा गल्ला, नोटा मोजायचं यंत्र जमलं तर. एटीएम कार्ड आणि पिनवर चालणारा मायक्रो एटीएम नंतर घ्या. ज्यांचा अंगठाच लागत नाही त्यांच्यासाठी तो कामी येतो.

अंगठा न लागणं ही मोठी डोकेदुखी आहे. ऊसतोड, बांधकाम, भांडी घासून झिजलेली बोटं, वय झालेली माणसं. यंत्राची काच कोरड्या सुती कापडाने पुसा. बोट फार कोरडं असेल तर ओल्या रुमालावर टेकवून पुसायला सांगा, घामेजलेलं असेल तर आधी कोरडं करा. अंगठा सोडून मधलं बोट, अनामिका लावून बघा. बऱ्याच जणांची अनामिका चटकन लागते. जे बोट लागलं ते त्या बाईंना सांगून ठेवा, पुढच्या वेळी त्या स्वतःच तेच पुढे करतात. काही बँकांनी चेहरा दाखवून पडताळणीही सुरू केली आहे, तुमच्या पोर्टलवर असेल तर शिकून घ्या. आणि सगळं करूनही 'बायोमेट्रिक लॉक' असा संदेश आला तर बोटाचा दोष नाही. ग्राहकाने किंवा त्याच्या मुलाने आधार लॉक केलेलं असतं, आधारच्या ॲपमधून ते उघडता येतं.

५. रोकड: धंद्याचा गाभा

लाडकी बहीणचा हप्ता आला की रांग लागते. हिशोब मांडून बघा. ४० बायकांनी प्रत्येकी १,५०० रुपये काढले, गल्ल्यातून गेले ६०,०००. एका व्यवहाराला ४ रुपये कमिशन धरा, मिळाले १६०. आणि ते ६०,००० आता पोर्टलच्या वॉलेटमध्ये नुसता आकडा होऊन बसलेत. एक्केचाळिसाव्या बाईला द्यायला तुमच्याकडे नोट नाही.

वॉलेटमधून बँक खात्यात पैसे घ्यायला वेळ लागतो, झटपट हवे तर वेगळं शुल्क. मग शाखेत जाऊन रांगेत उभं राहून नोटा आणायच्या. त्यात दुकान बंद, पेट्रोल वेगळं, आणि कॅशियर पाचशेच्याच नोटा देणार. १,५०० ठीक आहे, पण ८०० मागणाऱ्याला काय द्यायचं?

म्हणून रोकड गावातच शोधा. किराणा दुकानदार, कृषी सेवा केंद्र, पेट्रोल पंप यांच्याकडे संध्याकाळी नोटा साठतात आणि त्यांना त्या बँकेत भरायला जायचा कंटाळा असतो. त्यांचं आणि तुमचं दुखणं एकमेकांना पूरक आहे. त्यांचे पैसे पोर्टलमधूनच, त्यांच्याच खात्यात, त्यांच्या आधार पडताळणीने भरून द्या आणि पावती हातात ठेवा. ही सोय सगळ्या बँकांना नाही, आणि एका व्यवहाराची मर्यादा इथेही आहे. पण एक किराणा दुकानदार जोडला गेला तरी तुमची शाखेची फेरी वाचते.

हातात किमान ४० ते ५० हजार मोकळे असल्याशिवाय पाटी लावू नका. दोन दिवस लागोपाठ 'कॅश संपली' म्हणालात की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं आणि परत येत नाही. भांडवल नसेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्जाची सोय आहे. पतसंस्थेतून किंवा खासगी सावकाराकडून व्याजाने पैसे उचलून हा धंदा करू नका, कमिशन व्याजाला पुरत नाही.

हप्ते कधी येतात याचं भान ठेवा. पीएम किसानचे २,०००, नमो शेतकरीचा हप्ता, निराधार योजना, कारखान्याचं ऊसबिल. बातमी आली की आदल्या दिवशी रोकड आणून ठेवा. आणताना रोज तीच वेळ, तोच रस्ता ठेवू नका. गाडीच्या डिकीत पैसे ठेवून चहाला थांबू नका.

६. काउंटरवरची शिस्त

रक्कम मोठ्याने बोला. "मावशी, दोन हजार काढतोय ना?" स्क्रीन तिच्याकडे वळवा. अंगठा त्यानंतर. व्यवहार झाला की पावती छापा, नोटा तिच्यासमोर मोजा, उरलेली शिल्लक वाचून दाखवा.

हे सगळं का? काही एजंट 'बॅलन्स बघतो' म्हणून अंगठा घेतात आणि पैसे काढून 'सर्व्हर डाऊन' सांगतात. अशा लोकांमुळे म्हातारी माणसं या यंत्राला घाबरतात, आणि त्यांची भीती चुकीची नाही. संशय तुमच्यावरही येणारच. पावती आणि वही हीच तुमची ढाल.

वहीत तारीख, वेळ, नाव, गाव, मोबाईल, रक्कम, आरआरएन नंबर (पावतीवरचा व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) आणि सही किंवा अंगठा. आधारचे फक्त शेवटचे चार आकडे लिहा. पूर्ण नंबर लिहून ठेवू नका आणि आधारच्या झेरॉक्स साठवू नका.

पैसे काढून देण्याचे ग्राहकाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. 'हजारामागे दहा' हा रिवाज बऱ्याच गावांत आहे हे मलाही माहीत आहे. पण बँकेच्या वतीने दिलेल्या सेवेसाठी एजंटने ग्राहकाकडून थेट फी घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. एका तक्रारीवर आयडी बंद होऊ शकतो. दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवण्याच्या सेवेचं शुल्क वेगळं, ते पोर्टलच दाखवतं आणि पावतीवर छापून येतं. त्या सेवेतही १ नोव्हेंबर २०२४ पासून पाठवणाऱ्याची कागदपत्रांसह नोंदणी आणि प्रत्येक व्यवहाराला पडताळणी आवश्यक झाली आहे.

जास्त कमिशनसाठी ९,००० चे तीन तुकडे करायची युक्ती तुम्हाला कुणीतरी डिस्ट्रिब्युटर शिकवेल. करू नका. काही बँका महिन्यातल्या ठरावीक व्यवहारांनंतर ग्राहकाच्या खात्यातून शुल्क कापतात, म्हणजे तुमच्या चार रुपयांसाठी त्या माणसाचा खिसा कापला जातो. शिवाय असे तुकडे बँकेच्या तपासणीत लगेच दिसतात.

७. व्यवहार अडकला तर

समजा ३,००० टाकले, अंगठा लागला, चक्र फिरत राहिलं आणि 'व्यवहार अयशस्वी' आलं. ग्राहकाच्या मोबाईलवर मात्र ३,००० वजा झाल्याचा मेसेज. रांग खोळंबलीय, मागचे ओरडतायत. इथेच घाईने दुसऱ्यांदा अंगठा घेतला जातो आणि दोन्ही वेळचे पैसे वजा होतात.

दुसऱ्यांदा अंगठा घेण्याआधी मिनी स्टेटमेंट काढा. पैसे वजा झालेले दिसले तर थांबा. तुमच्या वॉलेटमध्ये जमा झालेत का बघा. जमा असतील तर रोकड द्या. नसतील तर रोकड देऊ नका, अयशस्वी व्यवहाराची पावती द्या, आणि ग्राहकाला सांगा की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. पोर्टलवर तक्रार लगेच टाका आणि तिचा नंबर त्याच पावतीवर लिहा. माणूस ओळखीचा, रडकुंडीला आलेला असला तरी खिशातून पैसे देऊ नका. हवं तर उसने म्हणून द्या, पण ते उसने आहेत हे दोघांनाही माहीत असू द्या.

८. खातं गोठतं ते असं

या धंद्यात माणूस खऱ्या अर्थाने बुडतो तो इथे.

अनोळखी तरुण येतो. "दादा, एटीएम बंद आहे, तुमच्या क्यूआरवर आठ हजार टाकतो, कॅश द्या, वर शंभर ठेवा." तुम्हाला वाटतं, चार रुपयांच्या जागी शंभर मिळाले. ते आठ हजार दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी फसवणुकीचे असू शकतात. ज्याला फसवलं त्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढतात आणि तुमचं खातं गोठवायला बँकेला कळवतात. तो तरुण कधीच निघून गेलेला असतो. तुमच्याच खात्यात घराचे पैसे, पीककर्ज, सगळं अडकतं.

म्हणून: स्वतःच्या क्यूआरवर पैसे घेऊन रोकड द्यायची नाही, ओळखीच्यालाही नाही. धंद्याचं खातं वेगळं, घराचं वेगळं, शक्यतो दोन वेगळ्या बँकांत. एकच माणूस चार-पाच जणांची कार्डं घेऊन आला तर नकार द्या. स्वतःचं बँक खातं किंवा आयडी कुणाला भाड्याने 'वापरायला' दिला तर आरोपींच्या यादीत तुमचंही नाव येतं.

अंगठा लावताना बोट बघा. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवल्याची प्रकरणं पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. बोटावर पातळ पापुद्रा दिसला, किंवा माणूस हात काउंटरखालीच ठेवत असेल, तर व्यवहार करू नका.

खातं गोठलंच तर घाबरून बँकेत भांडू नका. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्या, त्या तारखेची वहीची पानं, पावती आणि कॅमेऱ्याचं चित्रण काढून ईमेलने त्या ठाण्याला पाठवा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आठवड्यातच पुसलं जात असेल तर मोठं मेमरी कार्ड टाका.

आणि 'हेड ऑफिसमधून बोलतोय, ओटीपी सांगा' किंवा 'स्क्रीन शेअर करणारं ॲप टाका' म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

९. कमाई कशी जमते

नुसत्या अंगठ्यावर पोट भरत नाही. झेरॉक्स, फॉर्म भरणं, लाइट बिल, रिचार्ज, पासपोर्ट फोटो, स्टेशनरी, जे गावात नाही ते सोबत ठेवा. पैसे काढायला आलेला माणूस वही-पेन, नाहीतर मुलाच्या अर्जाची प्रिंट घेऊन जातो. बायको-नवरा दोघं मिळून दुकान बघत असाल तर आयडी ज्याच्या नावाचा त्यानेच अंगठ्याचं काम करायचं, दुसऱ्याने बाकीचं.

कमिशनवर टीडीएस, म्हणजे आधीच वजा होणारा आयकर, कापला जाऊ शकतो. उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरा, कापलेले पैसे परत मिळतात आणि पुढे कर्ज काढताना तीच रिटर्नं कामी येतात.

शेतीच्या हंगामात किंवा बाळंतपणात दुकान बंद ठेवावं लागलं तर एक लक्षात ठेवा: सलग तीन महिने आयडीवर एकही व्यवहार झाला नाही तर बँकेला तुमची केवायसी पुन्हा करावी लागते, तोवर काम बंद. महिन्यातून एखादा व्यवहार, निदान एक बॅलन्स चौकशी, करत राहा.